चौपाटीवर काय उडालें?

मुंबईच्या चौपाटीवर १८९५ सालीं एक विमान उडालें, अशी गोष्ट आपल्याकडे सांगतात. तें एका मराठी माणसानें बनविलें होतें. त्यांत कोणी मनुष्य बसलेला नव्हता. तें सुमारें १५०० फूट उंच चढलें आणि मग खालीं येऊन पडलें. पाहण्यास पुष्कळ लोक जमले होते, आणि त्यांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे होते. विमानाचें नांव ‘मरुत्सखा’, आणि तें बनविणाराचें नांव शिवकर बापूजी तळपदे. अमेरिकेंतील राइट बंधूंचें विमान उडालें तें १९०३ सालीं. म्हणजे त्यांच्या आठ वर्षें आधीं आमचा माणूस हें काम करून मोकळा झाला होता, असें या गोष्टीचें तात्पर्य सांगण्यांत येतें.

गोष्ट ऐकतांना मराठी माणसाचा ऊर भरून यावा अशीच ती आहे. शाळांतून ती भाषणांत येते, वर्तमानपत्रांतून मधून मधून छापली जाते, आणि २०१५ सालीं तिच्यावरून ‘हवाईजादा’ नांवाचा एक हिंदी चित्रपटहि निघाला. त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबईस भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्यें प्राचीन भारतीय विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला, आणि त्यावरून देशभर वाद माजला. त्या वादांत दोन्ही पक्ष इतक्या मोठ्यानें बोलत होते कीं, मूळचा साधा प्रश्न मागेंच राहिला. तो प्रश्न आज मी आपल्यापुढें मांडणार आहें. त्या दिवशीं चौपाटीवर आकाशांत काय दिसलें, हें आज आपल्याला सांगतां येईल काय? आणि येत नसेल, तर या गोष्टीचें आपण काय करावें?

प्रथम त्या माणसाची ओळख करून घेणें योग्य होईल. तळपदे हे पाठारे प्रभु ज्ञातींतले, मुंबईच्या चिराबाजार भागांतले. त्यांचा जन्म १८६४ चा. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेशीं त्यांचा संबंध होता, आणि तेथील शिक्षक चिरंजीलाल वर्मा यांच्यामुळें स्वामी दयानंद सरस्वतींच्या ग्रंथांकडे त्यांचें लक्ष वेधलें. वेदांत विमानविद्येचीं सूत्रें आहेत असा त्यांचा दृढ विश्वास होता. ‘आर्यधर्म’ नांवाचें मासिक त्यांनीं संपादिलें, आणि १९०७ सालीं ‘प्राचीन विमान कलेचा शोध’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. १९१६ च्या सुमारास त्यांचें देहावसान झालें. परक्या राज्यांत, पदरीं मोठी संपत्ति नसतां, एका कलावंतानें आकाशांत उडण्याचा ध्यास घेतला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाहीं, एवढें चरित्र तर निश्चित आहे. माझ्या मतें तेवढेंच त्यांचें नांव घेण्यास पुरेसें आहे.

आतां त्या उड्डाणाच्या हकीकतीकडे वळूं, आणि आरंभीं उंचीच घेऊं. १५०० फूट म्हणजे किती, याची कल्पना मुंबईकरांस एका खुणेनें येईल. राजाबाई टॉवर १८७८ सालीं बांधून पुरा झाला. त्याची उंची सुमारें २८० फूट आहे. असे पांच मनोरे एकावर एक ठेवले तरी १५०० फूट भरत नाहींत. इतक्या उंचीवरची वस्तु नुसत्या डोळ्यानें मोजतां येत नाहीं. आकाशांतील वस्तु केवढी आहे हें ठाऊक नसेल, तर ती किती दूर आहे हें कळत नाहीं. आणि किती दूर आहे हें ठाऊक नसेल, तर ती केवढी आहे हें कळत नाहीं. उंची काढावयाची तर दोन जागांवरून कोन मोजावे लागतात, आणि त्या दोन जागांमधील अंतर मोजावें लागतें. शाळेच्या त्रिकोणमितींतलें हें उदाहरण मीं शेंकडों मुलांकडून सोडवून घेतलें आहे. चौपाटीवर तो कोन कोणीं मोजला, कोणत्या यंत्रानें मोजला, याविषयीं माझ्या वाचनांत आलेल्या सर्व हकीकती मुक्या आहेत. आंकडा मात्र मोठा गोल आणि ठाम येतो.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. रानडे त्या वेळीं मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश होते. १८९३ पासून ते त्या पदावर होते. पुराव्यावांचून शब्द मान्य करावयाचा नाहीं, हा ज्यांचा रोजचा धंदा, त्यांचें नांव या गोष्टींत यावें हें मोठें नवल आहे. सयाजीराव महाराजांचा कारभार तर कागदोपत्रीं चालणारा. अशा दोन थोर पुरुषांच्या डोळ्यांदेखत यंत्र आकाशांत चढलें असतें, तर त्यांच्या पत्रांतून, भाषणांतून, दरबारच्या दप्तरांतून त्याचा उल्लेख सांपडावा, अशी अपेक्षा करणें गैर नाहीं. पुण्याच्या ‘केसरी’नेंहि ही हकीकत छापली होती असें सांगतात. ‘केसरी’ १८८१ पासून निघत होता, आणि १८९५ सालीं तो टिळकांच्या हातीं होता. आठवड्यास एक अंक, म्हणजे वर्षाचे बावन्न अंक. ‘केसरींत आलें होतें’ असें म्हणणारे मला पुष्कळ भेटले. अंकाची तारीख आणि पान सांगणारा एकहि भेटला नाहीं. त्या वेळचा, त्या जागेचा, विश्वास ठेवावा असा एकहि लेख या उड्डाणाविषयीं आजपर्यंत पुढें आलेला नाहीं. जें आपण वाचतों तें सर्व पुष्कळ वर्षांनंतर लिहिलेलें आहे, आणि एकानें दुसऱ्याचें घेतलेलें आहे.

यावर कोणी म्हणेल, त्या काळीं लिहून ठेवण्याची रीतच नव्हती. ही सबब कितपत खरी आहे तें पाहूं. पुढच्याच वर्षीं, ६ मे १८९६ रोजीं, अमेरिकेंत पोटोमॅक नदीवर सॅम्युएल लँग्ली या शास्त्रज्ञानें वाफेच्या यंत्रावर चालणारें एक बिनमाणसाचें विमान उडविलें. तें ३००० फुटांहून अधिक अंतर गेलें. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथें उपस्थित होते. त्यांनीं छायाचित्र घेतलें, आणि आपण डोळ्यांनीं काय पाहिलें तें लिहून ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत त्याच महिन्यांत प्रसिद्ध केलें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें पहिलें उड्डाण झालें तें अवघ्या १२ सेकंदांचें व १२० फुटांचें. पाहणारे पांचच जण होते. तरी एकाकडून छायाचित्र घेवविलें, रोजनिशींत टांचण केलें, आणि त्याच दिवशीं वडिलांस तार केली. आंकडे लहान आहेत. पण ते मोजलेले आहेत, म्हणून शंभर वर्षांनंतरहि ते उभे आहेत.

परदेशचें राहूं द्या. मी ज्या चिंचवडांत राहतों तेथलेंच उदाहरण घेतों. २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तें कृत्य करणारे चापेकर बंधु चिंचवडचे. दामोदर हरि चापेकरांना १८९८ च्या एप्रिलांत येरवड्यास फांशी झाली. तें काम रात्रीच्या अंधारांत, कोणास कळूं नये अशा बेतानें केलेलें होतें. तरी त्याच्यामागें केवढें दप्तर उरलें आहे! पोलिसांचे कागद आहेत, न्यायालयाचे कागद आहेत, वर्तमानपत्रें आहेत, आणि दामोदरपंतांनीं तुरुंगांत लिहिलेलें आत्मवृत्तहि आहे. सरकारास खटला चालवावयाचा होता म्हणून तें लिहिलें गेलें, हें मी जाणतों. तथापि दोन वर्षें आधीं, भर मुंबईंत, न्यायाधीश आणि महाराज यांच्यासमोर घडलेली गोष्ट कागदाचा एक तुकडाहि मागें न ठेवतां नाहींशी व्हावी, हें मनास पटत नाहीं.

आतां यंत्राकडे येऊं. ‘मरुत्सखा’ पाऱ्यावर चालत होतें असें सांगतात. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून अधिक जड. एक लिटर पारा १३.६ किलोग्रॅम भरतो. तो उकळावयास ३५७ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते, आणि त्याची वाफ विषारी असते. उडणाऱ्या यंत्रांत आपण जिवापाड वजन कमी करूं पाहतों. तेथें सर्वांत जड द्रव कां घालावा, याचें उत्तर मिळत नाहीं. अलीकडे कोणी म्हणतात, तें यंत्र हल्लींच्या आयन एंजिनासारखें होतें. पाऱ्याचें आयन एंजिन खरोखरच झालें आहे. १९६४ सालीं अमेरिकेच्या नासा या संस्थेनें तें अंतराळांत चालवून पाहिलें. परंतु अशा एंजिनाचा रेटा अगदीं अल्प असतो. जेथें हवा नाहीं अशा पोकळींत तो महिनोनमहिने चालू ठेवला तर उपयोगी पडतो. जमिनीवरून यंत्र उचलून आकाशांत नेण्याचें बळ त्याच्या अंगीं नसतें.

हें यंत्र ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथावरून बनविलें, असेंहि म्हणतात. येथें तारखा नीट जुळवून पाहिल्या पाहिजेत. तो ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ या काळांत तोंडानें सांगितला आणि दुसऱ्यानें उतरून घेतला. म्हणजे तो कागदावर आला तेव्हां तळपदे हयात नव्हते. १९७४ सालीं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पांच संशोधकांनीं त्याचा कसून अभ्यास केला. ग्रंथाची भाषा अर्वाचीन आहे, तो विसाव्या शतकांतला आहे, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडूं शकणार नाहींत, असा निर्णय त्यांनीं दिला. त्याच अभ्यासांत आपल्या विषयाचा एक उल्लेख आहे, आणि तो फार महत्त्वाचा आहे. मुंबईच्या तळपद्यांनीं शास्त्रीबोवांच्या मार्गदर्शनाखालीं विमानाचे नमुने तयार करण्याचा यत्न केला, परंतु त्यांतला एकहि उडाला नाहीं, असें स्वतः शास्त्रीबोवांच्या आत्मवृत्तांतच नमूद आहे. तळपद्यांशीं प्रत्यक्ष परिचय असलेल्या आणि विमानविद्येवर पूर्ण श्रद्धा असलेल्या माणसाची ही साक्ष आहे. तिला विरोधकाची साक्ष म्हणतां येत नाहीं.

मग ही गोष्ट खोटी म्हणून टाकून द्यावी काय? या ठिकाणीं मला एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण होते. तो चाकणच्या एका कारखान्यांत तपासणी खात्यांत आहे. त्याच्या मुलीस वक्तृत्वस्पर्धेसाठीं तळपद्यांवर भाषण करावयाचें होतें. भाषण तयार झालें होतें. मी तें एकदां पाहावें म्हणून तो आला.

मीं वाचून त्याला विचारलें, “अरे, तुझ्याकडे एक जॉब तपासावयास आला. त्याचें ड्रॉइंग नाहीं, मापें नाहींत, आधीं ज्यानें तपासला त्याची सही नाहीं. पण आणणारा म्हणतो, उत्तम आहे, मोठमोठ्या साहेबांनीं पाहिला आहे. तूं पास करशील?”

तो म्हणाला, “नाहीं, सर.”

“मग रिजेक्ट करशील?”

“तेंहि नाहीं, सर. रिजेक्ट करावयाला तरी माप कुठें आहे? मी त्याला होल्डची चिठ्ठी लावून बाजूला ठेवीन, आणि कागद मागवीन.”

श्रोतेहो, मीं वर्गांत चाळीस मिनिटें बोलून जें सांगितलें असतें तें त्यानें दोन वाक्यांत सांगितलें. आपल्या या पट्ट्यांत, पिंपरी-भोसरीपासून चाकणपर्यंत, हजारों माणसें रोज हा नियम पाळतात. लेथवरून उतरलेल्या तुकड्याला व्हर्निअर लावल्याशिवाय ती पुढें जाऊं देत नाहींत. लोखंडाच्या तुकड्याला जो न्याय आपण देतों, तोच आपल्या इतिहासाला द्यावयास कां कचरावें? ‘घडलें’ आणि ‘घडलें नाहीं’ या दोहोंच्या मध्यें ‘अद्याप सिद्ध झालेलें नाहीं’ असें तिसरें घर आहे. चौपाटीचें उड्डाण आज त्या घरांत आहे. आणि जो पुरावा हातीं आहे तो त्याच्या बाजूचा नाहीं, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे.

आकाशांत दिसलेल्या वस्तूचा उलगडा होऊं शकतो, याचें एक ताजें उदाहरण आपल्याच राज्यांत आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. रात्रीं पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्राच्या अनेक भागांत लोकांनीं आकाशांतून जळत जाणारी एक रांग पाहिली. कोणी उल्का म्हणालें, कोणी धूमकेतु म्हणालें, कोणी विमान पेटलें म्हणालें. लोकांनीं हातांतल्या मोबाइलवर तें दृश्य टिपलें. त्यामुळें वेळ व दिशा कायम राहिली. चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवीं, सुमारें तीन मीटर व्यासाचें एक धातूचें कडें येऊन पडलें. अंतराळांत काय काय फिरत आहे याचा हिशेब ठेवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनीं आपलीं टिपणें पाहिलीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें चीननें सोडलेल्या एका अग्निबाणाचा वरचा टप्पा त्याच सुमारास पृथ्वीच्या वातावरणांत शिरावयाचा होता. वेळ जुळली, मार्ग जुळला, वस्तुहि हातीं होती. ज्या दृश्यानें गांवोगांव लोक भ्याले, त्याचा अर्थ थोड्याच काळांत लागला.

या दोन प्रसंगांत फरक कोठें आहे तें पाहा. लाडबोरीच्या लोकांची नजर चौपाटीवरच्या लोकांपेक्षां तीक्ष्ण होती असें नव्हे. पहिली समजूत त्यांचीहि चुकलीच होती. परंतु पाहिलें तें त्याच घटकेस नोंदलें गेलें, पडलेली वस्तु जपून ठेवली गेली, आणि तिसऱ्या कोणीं तरी आपली वही उघडून ताळा केला. चौपाटीच्या बाबतींत या तिहींपैकीं एकहि गोष्ट आपल्या हातीं नाहीं. तें यंत्र नाहीं, त्याचें चित्र नाहीं, आणि ज्यानें तें उडतांना पाहिलें अशा माणसाच्या हातचा त्या वेळचा कागद नाहीं.

आतां अभिमानाविषयीं दोन शब्द. माझ्या कांहीं स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, ‘मास्तर, खरें असो वा नसो, मुलांना स्फूर्ति मिळते ना? मग कशाला खोदकाम करतां?’ यांतला मुलांविषयींचा कळवळा मला समजतो. परंतु ही स्फूर्ति मुलाला कोठें नेते, याचाहि विचार केला पाहिजे. हेंच मूल उद्यां मोठें होऊन पुरावा मागूं लागेल. तेव्हां त्याला तो मिळणार नाहीं. मग तें केवळ या एका गोष्टीवर अविश्वास दाखवून थांबत नाहीं. आर्यभटाचें गणित, वेरूळचें कैलास लेणें, आपल्या लोकांनीं खरोखर केलेलीं अशीं जीं थोर कामें आहेत, त्यांजकडेहि तें संशयानें पाहूं लागतें. खोट्या नाण्याची हानि तें घेणाऱ्यापुरती राहत नाहीं. बाजारांतल्या खऱ्या नाण्याचाहि भाव त्यामुळें उतरतो.

आणि यांत खुद्द तळपद्यांवर मोठा अन्याय होतो. न सिद्ध झालेलें उड्डाण त्यांच्या नांवावर लिहिलें, कीं वाद त्या उड्डाणाचा होतो, आणि माणूस वादांत हरवतो. एका बाजूस त्यांची देवासारखी पूजा, दुसऱ्या बाजूस त्यांची थट्टा. लँग्लीचें उदाहरण आठवा. बिनमाणसाचें विमान उडविल्यावर त्यानें माणूस बसेल असें मोठें विमान बांधलें, आणि १९०३ सालीं तें दोनदां नदींत पडलें. लोक हंसले. तथापि आज विमानविद्येच्या इतिहासांत त्याचें स्थान मानाचें आहे, कारण त्यानें काय केलें आणि काय साधलें नाहीं हें दोन्ही लिहिलेलें आहे. तळपद्यांचे नमुने उडाले नसतील, तर त्यानें त्यांची योग्यता जात नाहीं. यत्न करून अपेश आलें असें म्हणण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंति अशी आहे. मुलांनीं तळपद्यांवर अवश्य बोलावें. ‘ते उडण्याचा ध्यास घेतलेले गृहस्थ होते, १८९५ सालीं त्यांचें विमान उडालें असें सांगतात, परंतु त्याचा समकालीन पुरावा मिळालेला नाहीं,’ असें त्यांनीं सरळ म्हणावें. एवढ्यानें भाषणाचे गुण कमी होणार नाहींत. सुज्ञ परीक्षक असतील तर वाढतील. मोठ्यांनीं त्यांचें १९०७ चें पुस्तक मिळवून वाचावें, कारण ज्याच्याविषयीं बोलावयाचें त्याचे स्वतःचे शब्द प्रथम पाहावे हा सभ्य रिवाज आहे. जुन्या मुंबईकर घरांतून अद्याप पेट्या, पत्रें, रोजनिशा पडून असतील. ग्रंथालयांतून १८९५ च्या वर्तमानपत्रांचे अंक पाहावयास मिळतात. मराठी, गुजराती, इंग्रजी, सर्व चाळावे. कोणाच्या पणजोबांनीं त्या दिवशीं चौपाटीवरून घरीं येऊन दोन ओळी लिहिल्या असतील, तर त्या दोन ओळी आजवर झालेल्या सगळ्या भाषणांहून मोलाच्या आहेत. मग त्या ओळींत ‘विमान वर चढलें’ असें निघो, ‘कागदी बलून होता’ असें निघो, कीं ‘कांहींच उडालें नाहीं, उगाच उन्हांत उभे राहिलों’ असें निघो. जें निघेल तें आपण आनंदानें मान्य करूं.

तोंवर ही गोष्ट सांगतांना ‘असें म्हणतात’ हे दोन शब्द गाळूं नयेत, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.